आपलाच हात, आपलंच पोट

दादऱ्यात राहणाऱ्या माणसानं ‘लिव्हर बिघडलंय’ असं चारचौघांत बोलू नये. चहूकडून गुजरात, गुजरातेत दारूबंदी, आणि मधोमध दादरा, डेमणी, तिघरा या तीन गावांचा हा चिमुकला तुकडा, ज्याला ती बंदी लागू नाही. वापीहून सिल्वासाला जाताना आमची हद्द लागली की धाग्याचे कारखाने आणि ‘बार अँड रेस्टॉरंट’ यांच्या पाट्या एकमेकींना ढकलत उभ्या असतात. शनिवारी संध्याकाळी जीजे पंधरा नंबरच्या गाड्यांची रीघ लागते. अशा गावात कुणी लिव्हरचं नाव काढलं की समोरचा काही विचारत नाही. नुसती मान हलवतो. त्या मान हलवण्यात सगळं आलं.

मी बाई आणि त्यातून शाळामास्तरीण, म्हणून संशयाची पहिली फेरी ह्यांच्यावर गेली. खालच्या मजल्यावरच्या बेननी जिन्यात गाठून हळूच विचारलं, “भाऊ रोज घेतात का?” म्हटलं, “अहो, ते सोडाही घेत नाहीत. आणि बिघडलंय ते माझं.” बेननी क्षणभर विचार केला. “टेन्शनथी पण थाय,” म्हणाल्या. म्हणजे नवरा पितो आणि बायकोचं लिव्हर झुरतं, असं काहीतरी त्यांनी जुळवलं असावं. शेवटी मदतीला धावून आला अमिताभ बच्चन. १९८२ साली ‘कुली’च्या अपघातानंतर त्याला बाटल्यांवर बाटल्या रक्त चढवलं, त्यातून हेपॅटायटिस बी शिरला, आणि त्यानं पुढे पाऊण लिव्हर खाल्लं, हे त्यानं स्वतःच जाहीर सांगितलेलं आहे. तो दारू पीत नाही हेही सगळ्यांना माहीत. “अमिताभला झालं तेच का?” असं बेननी आदरानं विचारलं. “त्याचं बी, माझं सी,” मी सांगितलं. मी एक इयत्ता पुढे आहे असं समजून त्यांनी पुन्हा कधी ह्यांचं नाव काढलं नाही.

मलाही रक्त चढवलं होतं, १९९३ साली, लेकीच्या वेळी. हेपॅटायटिस सीचा विषाणू सापडला १९८९ मध्ये. त्याआधी त्याला धड नावही नव्हतं, ‘ए नाही आणि बी नाही’ असंच म्हणत. आपल्याकडच्या रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली ती २००१ पासून. म्हणजे माझी बाटली मधल्या बेवारस वर्षांतली. त्या बाटलीवर मला रागावता येत नाही. ती नसती तर हे लिहायला मी नसते. विषाणू मात्र भाड्याचं दुसरं घर मिळेपर्यंत म्हणून आला आणि कुणाला पत्ता न लागू देता राहिला. ह्यांच्या कारखान्यातल्या रक्तदान शिबिरात मी हौसेनं हात पुढे केला, कॉफी-बिस्किटं खाऊन घरी आले, आणि काही दिवसांनी रक्तपेढीचं पत्र आलं. बिस्किटं परत मागत असतील अशी माझी पहिली समजूत.

कावीळ मला झालीच नव्हती, डोळे पांढरेशुभ्र होते. पण हेपॅटायटिस म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे ती उतरवणारा माणूस, हे समीकरण आमच्या भागात पक्कं आहे. चुन्याच्या निवळीत हात धुवायचे, पाणी पिवळं होतं, कावीळ उतरली. आंब्याच्या सालीचा रस हाताला आधीच लावलेला असला की निरोग्याचंही पाणी पिवळं होतं, हे अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी शाळेशाळेत करून दाखवलेलं आहे. आमच्याही शाळेत दाखवलं होतं. तरी स्टाफरूममधून मला एक पत्ता मिळालाच. देणाऱ्या बाई विज्ञानाच्या.

हे सगळं २०१२ चं. तेव्हा या दुखण्यावर एकच खात्रीचा रस्ता होता: आठवड्यातून एकदा पेगइंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि सोबत रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या. आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या तीन नंबरच्या प्रकाराला २४ आठवडे, एक नंबरवाल्याला ४८. मुंबईच्या डॉक्टरांनी हे शांतपणे सांगितलं, मीही शांतपणे ऐकलं. केस विरळ होतील, ताप येईल, रक्त कमी होईल, मन उदास होईल, या सगळ्याला मी माना डोलावल्या. मग ते म्हणाले, “इंजेक्शन तुम्ही घरीच घ्यायचं. पोटात. स्वतः.” एवढा वेळ नीट चाललेली माझी मान तिथे थांबली.

“आमच्याकडे दवाखाना आहे कोपऱ्यावर,” मी म्हटलं.

“सुई नवीन असेल याची खात्री आहे?” त्यांनी विचारलं.

यावर बोलायला जागा नव्हती. सुईवर आमच्या भागाचा विश्वास दांडगा. गोळ्या देणारा डॉक्टर कच्चा, सुई मारणारा पक्का. सर्दीलाही लोक बाही वर करूनच आत शिरतात. आणि २००९ मध्ये गुजरातेतच, तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा गावात, पुन्हापुन्हा वापरलेल्या सुयांमधून हेपॅटायटिस बी पसरून माणसं पटापट दगावली होती. वर्तमानपत्रांनी ते नाव आम्हाला पाठ करून दिलं होतं. ज्या दारानं दुखणं येतं त्याच दारानं औषध आणायचं, तर निदान दार तरी आपलं असावं, असा डॉक्टरांचा मुद्दा. मला तो पटला. पटणं आणि पोटात सुई घालणं यांत फार मोठं अंतर असतं, एवढंच.

शिकवायला एक सिस्टर होत्या. माझा पेशा कळल्यावर हसल्या. “बाई, आज तुम्ही बाकावर.” त्यांनी एकेक पायरी सांगितली. इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. टोचण्याआधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवायचं, गार औषध जास्त झोंबतं. हलवायचं नाही. हात धुवायचे. बेंबीपासून तीनेक बोटं लांब, दर वेळी जागा बदलून. स्पिरिटचा बोळा फिरवला की तो सुकू द्यायचा. जे चरचरतं ते बऱ्याचदा सुईमुळे नाही, ओल्या स्पिरिटमुळे. कातडीची चिमूट धरायची, सुई एका झटक्यात आत, औषध मात्र सावकाश. चोळायचं नाही. सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकायची आणि डबा भरला की त्यांच्याकडे नेऊन द्यायचा. “आणि सराव संत्र्यावर करा,” त्या म्हणाल्या. सरावासाठी रिकाम्या सिरिंजही दिल्या.

दादऱ्याच्या बाजारात त्या दिवसांत संत्री नव्हती. चिकू होते, घोलवड-बोर्डीचे, ढिगानं. मग चिकूवर शिकले. चिकू टोचायला सोपा, नको इतका सोपा. पिकलेल्यात सुई नुसती ठेवली तरी आत जाते आणि आत्मविश्वास उगाच वाढतो. मिठाचं पाणी भरलेले चिकू घरात कुणी खाईना. ते बाहेर ठेवले तर वटवाघळांनीही ते सोडून दिले.

माझ्या सरावाला हे शेजारी बसले होते, धीर द्यायला. तिसऱ्या चिकूला त्यांच्या कपाळावर घाम आला आणि ते भिंतीला टेकत हळूहळू खाली बसले. फळाला टोचताना पाहून चक्कर आलेला हा बहुधा आमच्या संघप्रदेशातला पहिलाच माणूस. मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं तर त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. बाकीच्या भीतींत, म्हणजे साप, उंची, साहेब वगैरे, रक्तदाब चढतो आणि चढलेलाच राहतो. सुई आणि रक्त यांच्या भीतीत तो आधी चढतो आणि मग धाडकन उतरतो, म्हणून माणूस आडवा होतो. अशा माणसाला ‘अंग सैल सोडा’ सांगणं म्हणजे पडायला मदत करणं. लार्स-गोरान ओस्ट नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात यावर उलटा उपाय बसवला: हातपाय, पोट, मुठी, सगळं दहा-पंधरा सेकंद आवळून धरायचं, चेहरा गरम झाला की सोडायचं, अर्ध्या मिनिटानं पुन्हा. रक्तदाब वर राहतो, डोळ्यांपुढे अंधारी येत नाही.

ह्यांनी ते व्रत मनापासून घेतलं. पुढे दर शनिवारी रात्री मी इंजेक्शन घ्यायची आणि हे समोरच्या खुर्चीत मुठी आवळून, दात खाऊन, लालबुंद होऊन बसायचे. दारातून कुणी डोकावलं असतं तर दुखणं कुणाला आहे याबद्दल त्याला शंका राहिली नसती.

सुईच्या नंबरावरून मात्र त्यांचा कारखाना आडवा आला. हे पॉलिस्टरच्या धाग्यात आयुष्य काढलेले. तिथे जाडी डेनियरमध्ये, म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम. आकडा मोठा तितका धागा जाड. पाकिटावरचा आकडा वाचून ह्यांनी “एवढी जाड?” म्हणून कपाळाला हात लावला. सुईचा नंबर चालतो सुती धाग्याच्या काउंटसारखा: आकडा वाढला की ती बारीक होते. धनुर्वाताची सुई साधारण चोवीस नंबर, इन्सुलिनची एकतीस, म्हणजे पाव मिलिमीटर. “म्हणजे तुझी सुई सुती आहे,” ते सुटकेनं म्हणाले. भीतीच्या दिवसांत माणसाला कशानं बरं वाटेल याचा नेम नसतो.

पहिली शनिवार रात्र. सगळं ताटात मांडलेलं. तापासाठी पॅरासिटामॉल आधीच घेतलेली. स्पिरिट सुकलं. चिमूट धरली. आणि हात थांबला. पोट आणि सुई यांच्यात वीतभर अंतर राहिलं, आणि मी समोरच्या भिंतीवरचं कालनिर्णय वाचायला लागले. संकष्टी कधी आहे, चंद्रोदय किती वाजता आहे. चंद्रोदयाच्या वेळेनंतर मी सुतार लावायचा मुहूर्तही पाहिला असता, पण तेवढ्यात चिमटीतलं पोट दुखायला लागलं.

दुखण्याची भीती नव्हती, हे मी छातीठोक सांगते. बाळंतपण झालेल्या बाईला अर्ध्या इंचाची सुई काय करणार? अडचण हाताची होती. हा हात जन्मभर अंगाच्या बाजूनं लढलेला. तव्याचा चटका लागण्याआधी मागे येतो, डोळ्याकडे काही उडालं की मध्ये पडतो, पडताना आधी स्वतः मोडून घेतो. दुसऱ्यानं सुई मारली की हा निदान मूठ वळून निषेध तरी नोंदवतो. त्याला आता सांगायचं की बाबा रे, आज तूच मार. तो ऐकत नाही यात त्याचं काय चुकलं? मला तर त्याचं कौतुकच वाटायला लागलं. म्हणूनच असल्या वेळी धीर गोळा करत बसण्यात अर्थ नाही असं माझं मत झालं. धीर गोळा होईपर्यंत हात आणखी विचार करतो, आणि विचारात तो आपल्यापेक्षा हुशार निघतो.

मी शाळेत मुलांना कितीदा तरी सांगितलंय, “मुंगी चावल्यासारखं वाटेल, तिकडे बघू नका.” दहा वर्षांच्या मुलांना धनुर्वाताची लस द्यायला नर्स येते तेव्हा रांग लावायचं काम माझं. एका वर्षी एक वारली मुलगी रांगेत पुढे आली आणि माझं न ऐकता सरळ सुईकडे टक लावून बसली. सुई आत गेली, बाहेर आली, तिनं पापणी हलवली नाही. का गं बघत होतीस, तर म्हणाली, बघितलं की कळतं संपलं ते. तिची आजी खिचडीच्या वेळी शाळेत यायची. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण, हिरव्या ठिपक्यांच्या ओळी, एकही ओळ वाकडी नाही. हा दागिना चोराला नेता येत नाही आणि मेल्यावर कुणी काढून घेत नाही, असं ती कौतुकानं सांगायची. मुंबईच्या डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, गोंदून घेतलंय का कधी. त्यांच्या यादीत ते विषाणूचं एक दार. आजीच्या हातावर किती टोचण्या असतील याचा अंदाज करायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

तर मी कालनिर्णयावरून नजर काढून पोटाकडे बघितलं. धैर्य वगैरे काही आलं नाही. सिस्टरांनी सांगितलेली पुढची पायरी आली: चिमूट धरल्यावर झटका. हाताला वाटलं हा यादीतला एक आकडा आहे, आणि त्यानं तो केला. मला कळलं तेव्हा सुई आत होती. मग दट्ट्या सावकाश, सावकाश. खुर्चीतून आवाज आला, “घेतलीस?” म्हटलं, “सोडा आता मुठी.”

१९५७ मध्ये लंडनला ॲलिक आयझॅक्स आणि झां लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या पडद्यावर फ्लूच्या विषाणूचे प्रयोग करताना इंटरफेरॉन हे द्रव्य पकडलं. एका विषाणूची चाहूल लागली की पेशी ते सोडतात आणि शेजारच्या पेशी सावध होतात. फ्लूमध्ये अंग मोडून येतं ते बरंचसं याच द्रव्यामुळे. म्हणून इंजेक्शनवाल्याला विषाणूशिवाय फ्लू मिळतो. शनिवारी रात्री दोन रजया, रविवार कण्हण्यात, सोमवारी फळ्यासमोर. पत्रकात ‘चिडचिड होऊ शकते’ असंही छापलेलं होतं. ती ओळ ह्यांनी पेननं अधोरेखित करून पत्रक देव्हाऱ्याच्या कप्प्यात ठेवलं, आणि माझ्या पूर्वीच्या वीस वर्षांच्या चिडचिडीचं खापरही त्यांनी इंटरफेरॉनवर फोडलं. मी हरकत घेतली नाही.

मध्येच सुरतेला नणंदेकडे लग्न निघालं. शनिवार तिथेच गाठणार, म्हणून इंजेक्शन थर्मोकोलच्या डब्यात, भोवती बर्फाच्या पिशव्या. आता दादऱ्यातून गुजरातेत बर्फाचा डबा घेऊन निघणारं जोडपं कसं दिसतं ते सांगायला नको. हद्दीबाहेर पडताच पोलिसानं गाडी बाजूला घेतली. “आमां शुं छे?” ह्यांनी “औषध” म्हटलं. तो हसला, इथे सगळेच औषध नेतात.

आमच्या या टीचभर रस्त्याची कीर्ती मोठी आहे. १७७९ च्या पेशव्यांच्या तहापासूनचे कागद चिवडून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १२ एप्रिल १९६० ला निकाल दिला होता, की दमणहून दादरा-नगर हवेलीला ये-जा करायचा पोर्तुगालला हक्क होता: खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता. फौज, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांना नाही. दादरा तर १९५४ च्या जुलैतच पोर्तुगालच्या हातून सुटलं होतं, त्यामुळे निकालाचा कुणाला फारसा उपयोग झाला नाही. पण त्या रस्त्याच्या कडेला उभी असताना मला वाटलं, माझी सुई कुठल्या कलमात बसते? सर्वसाधारण माल की शस्त्र?

पोलिसानं डबा उघडला. बर्फ बाजूला केला. बाटली हातात येईल म्हणून घातलेला हात सिरिंजला लागला तसा झटकन बाहेर आला. मी पोटाकडे बोट करून सांगितलं, इथे, दर शनिवारी, मीच. “जाते?” त्यानं विचारलं. म्हटलं हो, स्वतः. तो दोन पावलं मागे सरला. झाकण लावायलाही पुढे झाला नाही, ते मीच लावलं. गाडीत बसल्यावर हे म्हणाले, “त्यालापण मुठी आवळायला सांगायला हवं होतं.”

सुया लोणच्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बरणीत साठत गेल्या. बरणी भरली, मुंबईला पोचली, औषध संपलं, सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, विषाणू नाही. केस परत आले, पूर्वीपेक्षा जरा कुरळे.

आणि मग, जसं होतं तसं, सगळा खटाटोप जुना झाला. २०१५ पासून आपल्याकडे सोफोसबुव्हिरच्या देशी गोळ्या मिळायला लागल्या. अमेरिकेत ज्या एका गोळीला हजार डॉलर पडत होते, ती इथे सामान्यांच्या आवाक्यात आली. २८ जुलै २०१८ ला, जागतिक हेपॅटायटिस दिनी, सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि तपासणी-औषध फुकट झालं. बहुतेकांना बारा आठवडे, रोजच्या गोळ्या, सुई नाही, ताप नाही, केस जागच्या जागी. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेचं असंच निघालं तेव्हा तिनं रात्री मला फोन केला. मी उठून बसले. चिमूट, स्पिरिट, झटका, सगळं सांगायला जिभेवर तयार होतं; इतक्या वर्षांत ते ऐकून घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच चालत आलं होतं.

“बाई, फार भीती वाटतेय,” ती म्हणाली. “गोळी केवढी मोठी आहे! गिळायची कशी?”

मी विचारलं, “केवढी?” तिनं रुपयाच्या नाण्याशेजारी ठेवून फोटो पाठवला.